अल मजाजच्या काठावरून केडगावकडे

शारजा शहराच्या ऐन मध्यभागी समुद्राचे पाणी आत शिरून जे विस्तीर्ण खारे सरोवर झाले आहे आणि ज्याला तेथील लोक खालिद सरोवर म्हणून ओळखतात, त्याच्या काठाशी अल मजाज ही वस्ती वसलेली आहे. उंच इमारतींच्या रांगा, त्यांच्या तळमजल्यांवर किराणामालाची, शिंप्यांची आणि न्हाव्यांची दुकाने, आणि पाण्याच्या कडेने दूरवर गेलेला फरसबंद रस्ता, ज्यावर सूर्य कलला की मल्याळी, पंजाबी, गुजराती आणि मराठी कुटुंबे लेकराबाळांसह हिंडावयास बाहेर पडतात, असे या वस्तीचे रूप आहे. माझ्या पुतणीचे बिऱ्हाड येथे असल्यामुळे हिवाळ्याचे काही दिवस मला या काठावर राहावयास मिळाले. तेथे जे पाहिले त्यातून आपल्याकडील एका जुन्या, अर्धवट राहून गेलेल्या कार्याचा विचार मनात बळावला, आणि तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा प्रवासवृत्तांत लिहीत आहे.

शारजाचे नाव काढले की आपल्या पिढीला क्रिकेटचे मैदान आठवते आणि 1986 साली शेवटच्या चेंडूवर मियाँदादने मारलेला तो षटकार आठवतो. परंतु या शहराने स्वतःची प्रतिष्ठा गेल्या चार दशकांत ज्या गोष्टीवर उभी केली, ती गोष्ट ग्रंथ ही आहे. येथील ग्रंथप्रदर्शन 1982 पासून भरत आले आहे. 1998 मध्ये युनेस्कोने या शहरास अरब जगताची सांस्कृतिक राजधानी म्हणून गौरविले आणि 2019 मध्ये जागतिक ग्रंथनगरीचा मान दिला. अल मजाजच्या समोरच, सरोवरातील एका बेटावर, रोमन धर्तीचे अर्धवर्तुळाकार खुले नाट्यगृह आहे. 4500 प्रेक्षकांची सोय असलेली ही वास्तू 2014 साली खुली झाली. सायंकाळी तिच्या दगडी पायऱ्यांवर दिवे लागले म्हणजे तेलाच्या संपत्तीने किती प्रकारची कामे करता येतात याविषयी मनुष्य विचार करू लागतो.

याच सरोवराच्या काठावर अल नूर मशीद आहे. इस्तंबूलच्या उस्मानी मशिदींच्या धाटणीवर, उतरत्या क्रमाने एकमेकांना टेकून बसलेले घुमट आणि दोन सडपातळ मिनार अशी तिची रचना असून 2005 साली ती बांधून पुरी झाली. तिच्यात सुमारे 2200 माणसे एकाच वेळी नमाज पढू शकतात. अन्यधर्मीयांनाही आत नेऊन सर्व समजावून सांगण्याची रीत येथे असल्यामुळे मी आत गेलो आणि घुमटाच्या पोटात फिरविलेल्या अक्षरांच्या पट्ट्यांकडे पाहत बराच वेळ उभा राहिलो. मला ती लिपी वाचता येत नव्हती. तरीही एका अक्षराचा दंड आणि पुढच्या अक्षराची कमान यांमध्ये जे अंतर राखले होते, ते पाहून हे लिहिणारा मनुष्य नुसता कारागीर नसावा आणि नुसता पंडितही नसावा, अशी माझी खात्री झाली. ती अक्षरे लिहिणारी माणसे कशी घडतात, हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी मी जुन्या शहरात गेलो.

जुन्या शारजात खत्ताचा म्हणजे सुलेखनाचा एक चौकच आहे. तेथे सुलेखनाचे संग्रहालय आहे आणि शेजारी सुलेखनकारांच्या कामाच्या खोल्या आहेत. या विद्येची पाठशाळा ज्या पद्धतीने चालत आली, ती पद्धती सविस्तर सांगण्याजोगी आहे. शिष्याने प्रथम बोरू तासावयास शिकावयाचे. त्याच्या टोकाचा काप किती तिरका असावा यावर त्याची सारी पुढची विद्या अवलंबून असते. शाई दिव्याच्या काजळीत बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक खलून करावयाची. कागदावर अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी यांचा लेप देऊन तो वाळवावयाचा आणि अकीकासारख्या दगडाने आरशासारखा घोटावयाचा, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि चुकलेली रेघ पुसूनही घेता येते. इतके झाल्यावर अक्षरे. प्रथम सुटी, मग जोडाक्षरे, मग ओळ. आणि प्रत्येक अक्षराची उंची व फेर बोरूच्या टोकाने उमटविलेल्या चौकोनी टिंबांनी मोजावयाचा, कारण दहाव्या शतकात बगदादच्या खलिफाचा वजीर इब्न मुक्ला याने अक्षरांना भूमितीच्या प्रमाणात बसविले, तेव्हापासून ही विद्या डोळ्याच्या अंदाजावर चालत नाही. उस्मानी परंपरेत शिष्याचा पहिला धडा म्हणजे एक प्रार्थना असते: काम सुकर होवो, अवघड न होवो, अशा आशयाची. वर्षानुवर्षे गुरूच्या कित्त्यावर हात फिरवून, गुरूने लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या सोसून, शेवटी एक पाठ निर्दोष उतरला म्हणजे गुरू त्याखाली आपल्या हाताने इजाजत लिहून देतो, आणि तेव्हाच शिष्यास आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव घालण्याचा अधिकार प्राप्त होतो.

येथे धर्मग्रंथ, भाषा, गणित, रसायन आणि हाताचे कसब हे पाचही विषय एकाच आसनावर बसून शिकविले जातात, आणि यांपैकी कोणताही एक वगळला तर बाकीचे चार लंगडे पडतात. कुराणाचा पाठ शुद्ध येत नसेल तर आयत लिहिण्यात प्रमाद होईल, आणि बोरू तासता येत नसेल तर पाठ शुद्ध असूनही कागदावर उतरणार नाही. हस्तव्यवसाय आणि विद्या यांची सांगड घालावी असे आपण नेहमी म्हणतो. ती सांगड वेळापत्रकात दोन तास शेजारी शेजारी मांडल्याने होत नाही, जे हातांनी करावयाचे त्यानेच विद्येची निकड उत्पन्न केली पाहिजे, हे मला त्या चौकात जितके स्वच्छ दिसले तितके शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतही दिसले नव्हते.

या चौकापासून फार दूर नाही अशा ठिकाणी अल इस्लाह मदरसा आहे. ही शाळा 1935 साली स्थापन झाली आणि आज तिचे संग्रहालय केले आहे. ज्या काळात जपानी कृत्रिम मोत्यांनी आखाताचा मोत्यांचा व्यापार बसविला होता, मुंबईच्या बाजारात या किनाऱ्याच्या मोत्यांना पूर्वीची किंमत उरली नव्हती आणि तेलाचा शोध अद्याप भविष्यकाळात होता, त्या हलाखीच्या दिवसांत येथील लोकांनी धर्मशिक्षण, अरबी व्याकरण आणि हिशेब शिकविणारी शाळा चालविली, ही गोष्ट लहान नव्हे. लाकडी बाके, पाट्या, शिक्षकाची बैठक असे सर्व साहित्य तेथे मांडून ठेवले आहे. परंतु त्या शाळेत सुताराचा रंधा किंवा लोहाराचा हातोडा कोठेही नव्हता. तो आला दोन तपांनंतर, आणि आला तो वेगळ्या दाराने: इंग्रजांच्या विकास खात्याने 1958 साली शारजात धंदेशिक्षणाची शाळा काढली, जिच्यात मुले सुतारकाम आणि यंत्रकाम शिकू लागली. एका शाळेत ग्रंथ आणि दुसरीत हत्यारे, अशी वाटणी या लहानशा गावातही झाली.

या दोन्ही शाळांशी ज्याचा संबंध आला, असा एक मनुष्य मात्र त्या गावात होता. शारजाचे विद्यमान शासक शेख डॉक्टर सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी हे बालपणी इस्लाह शाळेचे विद्यार्थी होते, आणि 1960 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी या धंदेशिक्षण शाळेत इंग्रजी आणि गणित हे विषय शिकविले. पुढे ते कैरोस कृषिशास्त्र शिकावयास गेले. तेथे असताना, 1970 साली, शारजाचा जुना अल हिस्न किल्ला पाडला जात असल्याची वार्ता त्यांस समजली, तेव्हा ते तातडीने परतले. येऊन पाहतात तो एक बुरूज आणि काही भिंती एवढेच शिल्लक. त्यांनी पाडकाम थांबविले, उरलेल्या अवशेषांची मोजमापे घेऊन ठेवली, दारे आणि खिडक्या जतन करविल्या, आणि 1972 मध्ये शासक झाल्यावर कालांतराने त्याच मापांवरून किल्ला पुन्हा उभा केला. 1997 पासून तो लोकांस पाहता येतो. नंतर त्यांनी इंग्लंडातील एक्झिटर आणि डरहॅम या विद्यापीठांतून इतिहास व राजकीय भूगोल यांत डॉक्टरेट मिळविल्या. मला या वृत्तांतात पदव्यांपेक्षा ती मोजपट्टी महत्त्वाची वाटते. इतिहासाची ओढ पुष्कळांस असते. पडत्या भिंतीपुढे उभे राहून चौकटीची रुंदी टिपून ठेवण्याचे भान फार थोड्यांस असते, आणि त्या भानावाचून तो किल्ला आज नसता.

किल्ला पाहून अल मजाजला परतलो तो पुतणीच्या घरी वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले होते. चिपळूणकडचे, वयाने चाळिशीच्या आतले, आणि इतक्या वर्षांत घरच्यासारखे झालेले. काम आटोपल्यावर पुतणी म्हणाली, "दादा, हात धुऊन घ्या, चहा ठेवलाय." चहा घेता घेता मी त्यांस शिक्षण विचारले. ते म्हणाले, "काका, दहावीनंतर आयटीआय केलं. दोन वर्षांत हात बसला, त्याच्यावरच इथवर आलो. पण पुस्तक म्हणजे काय ते ट्रेड थिअरीचं, तेवढंच. गावाला कीर्तन ऐकायला बसलो की वाटायचं, हे आपल्यालाही कुणी नीट शिकवायला हवं होतं."

आपल्या सरकारने 1950 साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, आणि त्या योजनेतून निघालेल्या वीजतंत्रींनी, जोडाऱ्यांनी, संधात्यांनी हे आखात बांधण्यास किती हात लावला हे येथे आल्यावाचून कळत नाही. त्या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या रचनेत इतिहास, काव्य, तत्त्वज्ञान यांना जागाच ठेवलेली नाही. जणू पाना हातात धरणाऱ्यास त्यांची गरज भासत नाही असे गृहीत धरले गेले. ते गृहीत खोटे आहे, हे त्या गृहस्थांच्या बोलण्यावरून उघड होते. त्यांनी मला सरळ विचारले, "काका, दोन्ही एका ठिकाणी शिकवणारी शाळा आपल्याकडे होती का कधी?" तेव्हा मी त्यांस केडगावची हकीकत सांगितली.

पुणे आणि दौंड यांच्या दरम्यान केडगाव हे रेल्वेचे स्थानक आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले, आणि केडगावास शेतजमीन घेऊन फळबाग लावली होती. 1896 आणि 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा वाचवून आणल्या, तेव्हा त्या जमिनीवर 1898 मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. इतक्या माणसांना नुसते पोसणे हेच दुर्घट. परंतु रमाबाईंनी त्यांना पोसता पोसता विहिरी खणविल्या, हातमाग बसविले, तेलाची घाणी चालविली, गाईगुरे ठेवून दूधदुभत्याचे काम शिकविले, शिवणकाम, बागाईत आणि धुलाई यांचे वर्ग काढले. ज्यांना दृष्टी नव्हती त्यांना स्पर्शाने वाचावयास शिकविले. आणि याच्या जोडीला रोज शाळा, रोज ग्रंथपठण.

परंतु या सर्वांमध्ये मला जे अपूर्व वाटते ते त्यांच्या छापखान्यातील काम. रमाबाई संस्कृताच्या पंडिता म्हणून कलकत्त्यात मान पावलेल्या. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास आरंभिला, कारण बायबलाचे त्या काळी प्रचलित असलेले मराठी भाषांतर खेड्यातील स्त्रीला कळण्याजोगे नाही असे त्यांचे मत होते, आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत ते पुन्हा करावयाचे त्यांनी मनावर घेतले. भाषांतर छापावयाचे कोठे? तर केडगावातच. खिळे जुळविणाऱ्या कोण? तर त्याच दुष्काळातून आलेल्या मुली, ज्यांनी काही वर्षांपूर्वी देवनागरीचे अक्षरही पाहिले नव्हते. हिब्रू आणि ग्रीक भाषांचे साहित्य छापावयाचे म्हणून त्या लिप्यांचे खिळेही त्यांनी ओळखून घेतले. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते, तिचे बहुतेक स्वर अक्षराखाली टिंबांनी व रेघांनी दाखवितात. एक टिंब ढळले तर शब्द बदलतो. जुळारी मुलीला हे नुसते हातसफाईने साधत नाही, तिला ते वाचावेच लागते. मुद्रिते तपासणे, छपाई, घड्या घालणे, बांधणी, सर्व कामे स्त्रियाच करीत. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून होईतो त्यांनी आयुष्य मागून घेतले होते असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला.

रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे आणि शारदा सदनातील मुलींवर त्याचा परिणाम होतो या आरोपामुळे 1893 मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, हे सर्वश्रुत आहे. त्या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे मी वाचलेले आहे आणि आक्षेपकांची सर्वच भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वादामुळे केडगावच्या छापखान्याचा इतिहास आपल्या शिक्षणाच्या इतिहासातून जवळजवळ गळूनच पडला, हे आपले नुकसान झाले. कोणत्याही पंथाच्या मनुष्याने त्या जुळारी मुलींकडे पाहावे: गुरूच्या कित्त्यावर हात फिरविणारा शारजाचा शिष्य आणि त्या मुली यांच्यात मला मुळीच अंतर दिसत नाही.

चिपळूणचे गृहस्थ चहाचा पेला हातात तसाच धरून हे ऐकत होते. मी त्यांस आणखीही नावे सांगितली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील संस्कृताचे अध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी 1906 मध्ये समर्थ विद्यालय काढले आणि पुढे ते तळेगावास नेऊन संस्कृतविद्या, इतिहास आणि उद्योग यांचे एकत्र शिक्षण मांडले. 1910 मध्ये सरकारने ते बंद पाडले. त्याच तळेगावात पैसा फंडाच्या काच कारखान्याने 1908 पासून काचकारागीर तयार केले. 1937 साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम निघाली, तिचे तत्त्व तर हेच, की हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकवावे. ती सरकारी शाळांत फैलावली तेव्हा टकळी हा एक तास होऊन बसला आणि सुताशी गणिताचा संबंध कोणी जोडेना. माझ्या मते तिचा ऱ्हास तेथेच झाला. पाबळला 1983 मध्ये डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढून ते सूत्र पुन्हा हाती घेतले, हे समाधानाचे आहे; तेथील मुले वेल्डिंग करता करता विज्ञान शिकतात. साहित्य आणि धर्मविचार यांची जोड मात्र तेथेही मिळालेली नाही.

अमेरिकेत हा विचार अलीकडे जोराने उठला आहे. 1989 च्या ह्यूगो नावाच्या वादळात चार्ल्स्टन शहरातील जुन्या वास्तू मोडल्या आणि त्या दुरुस्त करण्याजोगे पाथरवट, गिलावेकार, लोहार मिळेनात, तेव्हा त्या अनुभवातून तेथे वास्तुकारागिरीचे महाविद्यालय निघाले. त्यात दगड घडविणारा विद्यार्थी इतिहास आणि साहित्यही शिकून पदवी घेतो. ओहायो राज्यातील स्ट्युबेनव्हिल गावी कॅथलिक मंडळींनी श्रमिक संत जोसेफ यांच्या नावाने एक महाविद्यालय काढले असून तेथे सुतारकाम, नळकाम, वीजकाम, वातानुकूलन यांच्याबरोबर कॅथलिक अध्ययनाची पदवी मिळते. "वातानुकूलन? म्हणजे आमचंच काम?" गृहस्थांनी विचारले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

पुतणीचा मुलगा आठवीत आहे. त्याची शाळा आपल्याकडील केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाची. आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली काढावयास लावावे, असे म्हटलेले आहे. भारतात ते दिवस कोठे साजरे होतात, कोठे सहलीत विरघळतात. परंतु शारजात अशा दिवसांसाठी केवढी सामग्री आहे! खत्ताचा चौक आहे. तल्ली नावाची जरीच्या धाग्यांची वेणीवजा पट्टी उशीवर गुंफणाऱ्या स्त्रिया आहेत, ज्यांच्या कलेची 2022 मध्ये युनेस्कोने नोंद केली. शेजारच्या अजमानला लाकडी गलबते बांधतात. पुतणीने त्याच रात्री पालकसभेपुढे ठेवण्यासाठी अर्जाचा मसुदा लिहावयास घेतला. पहिले दोन दिवस बोरू आणि शाई, मग गलबतांचा कारखाना, मग तल्ली, आणि एक दिवस याच गृहस्थांनी शाळेत येऊन जुने वातानुकूलन यंत्र उकलून दाखवावे, असे ठरले.

त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. "यंत्र मी उकलतो, ताई, कॉम्प्रेसरपर्यंत सगळं दाखवतो. पण गॅस पसरला की गार का होतो, ते सांगायला मुलांच्या फिजिक्सच्या बाईंनी माझ्या शेजारी उभं राहायचं. इतकी वर्षं ते काम करतोय, मलाही ते नीट ऐकायचंय." पुतणीने ती अट शब्दशः अर्जात उतरवून घेतली.